लवकर अंथरुणावर पडून झोप का वाढत नाही

तुमच्या प्रश्नातला तपशील आधी थोडक्यात मांडतो, कारण पुढचे उत्तर त्यावरच आधारलेले आहे. तुमचे वय ४२ वर्षे. सात महिन्यांपूर्वी कामाचा ताण असह्य झाला तेव्हा झोप बिघडली. तो ताण दोन महिन्यांत ओसरला, पण झोप काही पूर्ववत झाली नाही. आता तुम्ही रात्री दहाला दिवा मालवून पडता, साडेबाराच्या आधी डोळा लागत नाही, तीनच्या सुमारास टक्क जाग येते, साडेचारपर्यंत कूस बदलत राहता आणि मग पहाटे लागलेली झोप साडेसातला गजराने मोडते. सुट्टीच्या दिवशी भरपाई म्हणून नऊपर्यंत झोपता आणि दुपारीही तास-दीड तास आडवे होता. मोबाइल खोलीबाहेर ठेवला, पुरेसा अंधार केला, झोप मोजणारे घड्याळ मनगटावर बांधले, तरी फरक पडला नाही. म्हणून मेलाटोनिनची गोळी घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे.

गोळीकडे नंतर येतो. गेली वीसहून अधिक वर्षे मी निद्राविकारांच्या रुग्णांवर उपचार करत आहे, आणि तुमच्या वर्णनात मला सर्वांत आधी खटकली ती रात्री दहाची वेळ. झोप कमी मिळते म्हणून लवकर पडणे आणि सकाळी शक्य तितके पडून राहणे हे अगदी स्वाभाविक आहे, कोणालाही तेच सुचेल; परंतु तुमचा निद्रानाश आज टिकून आहे तो प्रामुख्याने याच सवयीमुळे. हिशेब करून पाहा. दहा ते साडेसात म्हणजे साडेनऊ तास तुम्ही अंथरुणावर असता. त्यात साडेबारा ते तीन हे अडीच तास आणि साडेचार ते साडेसात हे तीन तास, अशी साडेपाच तास झोप होते. म्हणजे अंथरुणावर घालवलेल्या वेळेपैकी सुमारे ५८ टक्केच वेळ झोपेत जातो. हे प्रमाण साधारणपणे ८५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर आम्ही झोप ठीक आहे असे मानतो. उरलेले चार तास, रोज रात्री, सात महिने, तुमच्या शरीराला अंथरुणावर जागे राहण्याची सवय लागत गेली आहे.

निद्रानाशाला सुरुवात करून देणारे कारण आणि तो टिकवून धरणारे कारण ही दोन वेगळी असतात, ही मांडणी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८०च्या दशकात केली आणि माझ्या दृष्टीने या विषयातली ती सर्वांत उपयोगी मांडणी आहे. तुमच्या बाबतीत कामाच्या ताणाने सुरुवात करून दिली. तो ताण गेला. पण त्या काळात जडलेले उपाय, म्हणजे लवकर पडणे, दुपारची झोप, सुट्टीची भरपाई आणि घड्याळाकडे लागलेले लक्ष, मागे उरले आणि आता तेच झोप बिघडवत आहेत. त्यामुळे जुन्या ताणाचे मूळ खणत बसण्याची आज तुम्हाला गरज नाही.

हे का घडते ते समजण्यासाठी झोपेचे नियमन कसे होते ते पाहावे लागेल. झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार झोप दोन स्वतंत्र प्रक्रियांच्या मेळातून येते. पहिली म्हणजे झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे असतो तितका हा दाब वाढत जातो आणि झोपेत तो उतरतो. जागेपणी मेंदूत साचत जाणारे ॲडिनोसिन हे रसायन या दाबामागचा एक महत्त्वाचा दुवा आहे. दुसरी प्रक्रिया म्हणजे शरीराचे अंतर्गत घड्याळ. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस नावाचा सुमारे २० हजार चेतापेशींचा इवलासा पुंजका असतो. शरीराचे तापमान, संप्रेरके आणि जागृती यांची दिवसभराची चढउतार तो ठरवतो. पेशींमधले हे घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसे चालते, याच्या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या दोन प्रक्रियांची सांगड कशी बसते हे अनेकांना ठाऊक नसते. दिवस पुढे सरकतो तसा झोपेचा दाब वाढतो, तरीही आपण संध्याकाळी कोलमडून पडत नाही, कारण त्याच वेळी अंतर्गत घड्याळ जागृतीचा जोर वाढवत असते. हा जोर नेहमीच्या झोपेच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी सर्वाधिक असतो. पेरेत्झ लावी यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांना वीस-वीस मिनिटांच्या आवर्तनांत ठेवले होते: सात मिनिटे झोपण्याची मुभा, तेरा मिनिटे सक्तीने जागे. आदल्या रात्री जागरण केलेल्या लोकांनाही संध्याकाळच्या त्या ठरावीक काळात झोप लागणे अवघड गेले, आणि तो काळ सरताच झोपेचे दार जणू अचानक उघडले. तुमचे घड्याळ सध्या साडेबाराला झोप येईल अशा बेताने लागलेले आहे. दहाला पडता तेव्हा तुम्ही नेमके त्या जागृतीच्या शिखरावर झोपेची आळवणी करत असता. त्यात तुमचा दोष काहीच नाही. ती वेळच झोपेची नाही.

रविवार-सोमवारचा अनुभव यावरून स्वतःच ताडून पाहा. सकाळी नऊला उठून दुपारी दीड तास झोपलेल्या माणसाकडे रात्री दहा वाजता झोपेचा पुरेसा दाब साठलेलाच नसतो. शिवाय उशिरा उठल्यामुळे सकाळचा प्रकाश उशिरा मिळतो आणि घड्याळ आणखी पुढे सरकते. आठवड्यातली सर्वांत वाईट रात्र रविवारची, असे मला सांगणारे रुग्ण खूप आहेत, आणि त्यांतले बहुतेक जण त्याचा संबंध सोमवारच्या कामाशी जोडतात. काम हे कारण असू शकते. पण मी आधी रविवारची सकाळ आणि दुपार कशी गेली ते विचारतो.

प्रकाशाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण लोकांनी यातला निम्माच भाग लक्षात ठेवला आहे. माणसाचे अंतर्गत घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा किंचित लांब, साधारण २४ तास १० मिनिटांचे असते. त्यामुळे बहुतेकांचे घड्याळ आपसूक उशिराच्या बाजूला घसरू पाहते आणि रोज त्याला मागे ओढून आणावे लागते. हे काम मुख्यतः सकाळचा प्रकाश करतो. दृष्टिपटलात दृश्य दाखवणाऱ्या पेशींखेरीज मेलॅनोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही खास चेतापेशी असतात. त्या प्रकाशाची, विशेषतः निळसर प्रकाशाची, तीव्रता टिपतात आणि ती माहिती थेट त्या २० हजार पेशींच्या पुंजक्याला कळवतात. रात्री पडद्याचा प्रकाश टाळावा हे सर्वांना पाठ झाले आहे आणि ते बरोबरही आहे. परंतु उठल्यावर तासाभरात उघड्यावर जाण्याचा उपाय त्याहून प्रभावी असूनही फार थोडे लोक करतात. घरातल्या खोलीत दिवे लावूनही प्रकाश साधारणपणे १०० ते ३०० लक्स एवढाच असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स मिळतात. खिडकीजवळ बसणे म्हणजे बाहेर असणे नव्हे. वीस-तीस मिनिटे बाहेर चाला. सूर्याकडे पाहण्याची गरज नाही आणि पाहूही नये.

आता रात्री तीनच्या जागेबद्दल. झोप ही एकसंध अवस्था नसते. साधारण ९० मिनिटांचे एक, अशी चार ते सहा चक्रे रात्रीतून होतात. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात आटोपते आणि स्वप्नांची, डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप पहाटेकडे वाढत जाते. दोन चक्रांच्या सांध्यावर क्षणभर जाग येणे हे निरोगी झोपेतही घडते, फक्त ते सकाळी आठवत नाही. तेव्हा तीनला जाग येणे हा तुमचा आजार नाही. त्या जागेनंतर दीड तास झोप न लागणे हा आहे. आणि त्या दीड तासात काय होते ते तुम्हीच लिहिले आहे: घड्याळ पाहणे, किती तास उरले याची वजाबाकी करणे, उद्या काय होणार याची धास्ती घेणे. त्या वेळी मेंदू गणित आणि भीती अशा दोन्ही कामांना जुंपला जातो.

झोप येते ती कशी, हे मी प्रयोगशाळेत पडद्यावर अगणित वेळा पाहिले आहे आणि अजूनही ते पाहताना मला नवल वाटते. रुग्णाच्या डोक्यावर तारा चिकटवलेल्या असतात आणि ३० सेकंदांचा एक, अशा पानांवर मेंदूच्या लहरी सरकत असतात. डोळे मिटून शांत पडलेल्या माणसाच्या आलेखात सेकंदाला आठ ते तेरा वेळा उमटणारी अल्फा लहर एकसारखी दिसते. मग ती विरळ होते, डोळ्यांची रेघ संथ लाटेसारखी डुलू लागते, अल्फा हळूहळू विरून जाते आणि काही पानांनंतर चातीसारखी मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती अशी लहरींची छोटी जुडी उमटते. तिथे माणूस झोपलेला असतो. याच क्षणी त्याला हाक मारली तर अनेकदा तो छातीठोकपणे सांगतो की मी जागाच होतो. पण दुसरा एक प्रकारही मी वारंवार पाहिला आहे: अल्फा विरळ होऊ लागते, झोप उंबरठ्यावर आलेली असते आणि एकाएकी हनुवटीच्या स्नायूंची रेघ जाड होते, अल्फा पुन्हा ठसठशीत होते. सकाळी विचारले की रुग्ण म्हणतो, “झोप लागते आहे का, ते मी पाहत होतो.” झोपेवर पहारा ठेवणे हेच जागे राहण्याचे काम आहे. म्हणूनच मनगटावरचे ते घड्याळ काढून ठेवा, असे मी आग्रहाने सांगतो. असली उपकरणे मुख्यतः हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात. स्तब्ध पडून जागे असलेला वेळ ती बऱ्याचदा झोप म्हणून धरतात, आणि गाढ झोपेचे त्यांचे आकडे उपचार ठरवण्याइतके भरवशाचे नसतात.

उपचार सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी तपासायलाच हव्यात. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडखळल्याचे जोडीदाराने पाहणे, गुदमरून जाग येणे, किंवा पुरेशी झोप होऊनही दिवसा बसल्या जागी पेंगणे यांपैकी काही असेल तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी आधी करून घ्या. तो विकार सवयी बदलून जात नाही. संध्याकाळी पायांत असह्य चुळबुळ होऊन चालल्यावरच बरे वाटत असेल तर डॉक्टरांना सांगून शरीरातील लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासावा. मन सतत खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल तर झोपेची वाट पाहत थांबू नका. लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. याशिवाय फिट येण्याचा आजार, द्विध्रुवीय मनोविकार किंवा झोपेत चालण्याची सवय असणाऱ्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि ज्यांचे काम वाहन किंवा अवजड यंत्र चालवण्याचे आहे अशांनी पुढे सांगितलेला वेळ आवळण्याचा उपाय स्वतःहून करू नये. त्यासाठी तज्ज्ञाची देखरेख हवी.

यांतले काही तुम्हाला लागू नसेल, तर तुमच्यासाठी योग्य उपचार आहे तो सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठी विकसित केलेली वर्तन आणि विचारांवर आधारित उपचारपद्धती. दीर्घकालीन निद्रानाशात प्रौढांना पहिला उपचार म्हणून हाच द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. अंधार, शांतता, मोबाइल दूर ठेवणे असे जे नियम तुम्ही प्रामाणिकपणे पाळले, ते चांगलेच आहेत. पण तेवढ्यानेच जुनाट निद्रानाश बरा होत नाही. तुम्ही कुठे कमी पडलात असे मुळीच मानू नका.

या पद्धतीचे दोन मुख्य भाग आहेत. पहिला भाग रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडला. अंथरूण पाहताच झोप यावी अशी मेंदूची मूळ जोडणी असते. तुमच्या बाबतीत अंथरूण पाहताच जाग येते, कारण तिथे तळमळच फार झाली आहे. सोफ्यावर पेंगणारा माणूस गादीवर पाठ टेकताच टक्क जागा होतो, हे त्याचेच लक्षण आहे. म्हणून पेंग आल्यावरच अंथरुणावर जा. थकवा आणि पेंग यांत फरक आहे, पापण्या जड होऊन मिटू लागतात ती पेंग. अंदाजे वीस मिनिटे झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या जागी मंद प्रकाशात शांतपणे काहीतरी करा आणि पुन्हा पेंग आली की परत या. वीस मिनिटे घड्याळात मोजायची नाहीत. चिडचिड सुरू झाली की वेळ झाली असे समजा. तीनच्या जागेलाही हाच नियम. पहिल्या काही रात्री हे फार जिवावर येते, विशेषतः उबदार पांघरुणातून बाहेर पडणे, पण अर्धवट पाळले तर त्याचा उपयोग होत नाही.

दुसरा भाग स्पीलमन यांचा, अंथरुणावरचा वेळ आवळण्याचा. तुम्हाला प्रत्यक्ष झोप साडेपाच तास मिळते, म्हणून सुरुवातीला अंथरुणावर सहा तास. उठण्याची वेळ सकाळी साडेसहा धरू, म्हणजे पडण्याची वेळ साडेबारा. सुट्टीच्या दिवशीही साडेसहाच. दुपारची झोप या काळात बंद. यामुळे झोपेचा दाब वाया न जाता रात्रीसाठी साठतो आणि सहा तासांच्या आत विखुरलेली झोप सलग होऊ लागते. रुग्णांचा पहिला आक्षेप असतो की आधीच कमी असलेली झोप तुम्ही आणखी कमी करता आहात. मी वेळ कमी करतो तो अंथरुणावरचा, आणि तोही मुख्यतः जागेपणाचा. तरीही पहिले आठ-दहा दिवस दिवसा सुस्ती वाढेल हे आधीच सांगतो. त्या दिवसांत लांबचा प्रवास स्वतः गाडी चालवून करू नका. सहा तास हे तुमचे कायमचे प्रमाणही नाही. प्रौढांना नियमितपणे सात तास किंवा अधिक झोप लागते, आणि रोज सहा तासांवर राहणाऱ्यांची एकाग्रता दोन आठवड्यांत किती घसरते आणि ती घसरण त्यांच्या स्वतःच्या लक्षातही कशी येत नाही, हे २००३ मध्ये हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे. आवळणे हा तात्पुरता टप्पा आहे.

यासाठी एक साधी वही करा. रोज सकाळी, रात्री नव्हे, पाच गोष्टी अंदाजाने लिहा: पडलो किती वाजता, डोळा लागायला किती वेळ गेला, मधे किती वेळ जागा होतो, शेवटची जाग कधी आली, अंथरूण कधी सोडले. माझ्याकडे येणाऱ्यांच्या वह्यांत पहिल्या आठवड्यात “१२:४७”, “३:१२” असे मिनिटाबरहुकूम आकडे असतात, म्हणजे रात्रभर घड्याळ पाहिलेले असते. तिसऱ्या आठवड्यात तिथे “साधारण पाऊण तास” असे येऊ लागते. झोपेचे तास वाढण्याच्या आधी बहुधा हा बदल दिसतो आणि तो दिसला की मला रुग्णाची काळजी कमी वाटते.

चहा-कॉफीतले कॅफीन मेंदूच्या पेशींवर ॲडिनोसिन जिथे चिकटते त्या जागांवर जाऊन बसते आणि झोपेचा दाब मेंदूला जाणवू देत नाही. त्यातले निम्मे शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात, काहींना बरेच अधिक. तुमची संध्याकाळी पाचची कॉफी दुपारी बाराच्या आत आणा. मद्याने डोळा लवकर लागतो, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटक होतो. तीनला जाग येणाऱ्याने ते टाळावे. झोपण्याच्या एक-दोन तास आधी दहा मिनिटे गरम पाण्याने अंघोळ केल्यास फायदा होतो, कारण त्वचेकडे रक्त वाहून शरीराच्या आतले तापमान उतरते आणि ती उतरण झोपेला अनुकूल असते.

आता गोळी. मेलाटोनिन हे अंधार पडल्याची खबर शरीराला देणारे संप्रेरक आहे; त्याचा उपयोग मुख्यतः घड्याळ पुढे-मागे सरकवण्यासाठी, जसे दूरच्या विमानप्रवासानंतर. मधल्या रात्री येणाऱ्या जागेवर ते फारसे काम करत नाही, म्हणून तुम्हाला ते सध्या नको. झोपेच्या इतर गोळ्यांना थोड्या काळासाठी जागा आहे, पण ती डॉक्टरांनी ठरवावी. आणि कोणी आधीपासून त्या रोज घेत असेल तर एकदम बंद करू नयेत, काहींमध्ये त्याचे गंभीर परिणाम होतात. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवावी.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वहीतल्या शेवटच्या सात रात्रींची बेरीज करा: झोपेची मिनिटे भागिले अंथरुणावरची मिनिटे. उत्तर ८५ टक्क्यांच्या वर आले तर पडण्याची वेळ पंधरा मिनिटांनी आधी घ्या, म्हणजे सव्वाबारा, आणि ती आठवडाभर टिकवा. ८० ते ८५ च्या मधे आले तर आहे तेच आणखी एक आठवडा चालू द्या. त्याखाली आले तर वही घेऊन निद्रारोगतज्ज्ञांकडे जा. वही पाहून पुढचे निदान त्यांना लवकर करता येईल. पडण्याची वेळ आठवड्यागणिक बदलत जाईल, साडेसहाचा गजर मात्र तोच राहू द्या.